व्ही-शेपटीच्या विमानाबद्दल नंदूला

पुणे,
९ नोव्हेंबर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तू घ्यायचं म्हणतोस त्या विमानाचे फोटो मिळाले. साठच्या दशकातलं बीचक्राफ्ट कंपनीचं बोनान्झा, व्ही आकाराची शेपटी, इंजिन नुकतंच ओव्हरहॉल केलेलं, रंग नवा कोरा. देखणं आहे, यात वाद नाही. क्लीव्हलंडहून शिकागोला लेकीकडे दोन तासांच्या आत पोचायची तुझी ओढही समजते. पण तू स्वतः सर्जन, आणि वहिनींनी या विमानाचं 'डॉक्टर किलर' हे टोपणनाव वाचलं आणि तेव्हापासून घरात हा विषय निघाला की वाद होतो, असं तू लिहितोस. आणि मला विचारतोस, याची शेपटी हवेत तुटते हे खरं का?

खरं आहे. पण तेवढं सांगून थांबलो तर तुझी दिशाभूल होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

बोनान्झाचं पहिलं उड्डाण २२ डिसेंबर १९४५ चं, विक्री १९४७ पासून. त्या काळात बहुतेक खाजगी विमानं कापड मढवलेली आणि संथ असायची. त्यांच्यात हे अखंड धातूचं, चाकं पोटात घेणारं, ताशी १७० मैलांच्या आसपास जाणारं विमान आलं. शेपटीला नेहमीच्या तीन पात्यांऐवजी दोनच तिरकी पाती. वजन कमी, हवेचा अडथळा कमी. त्या पात्यांच्या मागच्या हलत्या भागांना रडरव्हेटर म्हणतात, कारण रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा) ही दोन्ही कामं तेच करतात. १९८२ पर्यंत अशी दहा हजारांवर विमानं बनली. १९४९ साली बिल ओडम नावाचा वैमानिक जादा टाक्या लावलेलं बोनान्झा घेऊन होनोलुलूहून निघाला आणि ३६ तास न थांबता उडत न्यू जर्सीला उतरला. हे विमान मुळात कच्चं नव्हतं, हे त्यावरून दिसतं.

मग शेपटीचं काय झालं? १९५१ च्या सी-३५ मॉडेलपासून कंपनीने शेपटीची पाती रुंद केली. रुंदी वाढवताना पात्याची पुढची कड पुढच्या स्पारच्या, म्हणजे पात्याला आतून आधार देणाऱ्या तुळईच्या, आणखी पुढे गेली, आणि त्या वाढीव भागाला मुळाशी पुरेसा आधार मिळाला नाही. वेग मर्यादेबाहेर गेला की ती कड पिळवटायची, पातं दुमडायचं आणि पाठोपाठ पंख जायचे. याच विमानाला सरळ शेपटी लावलेली भावंडंही त्याच कंपनीची. ती त्याच आकाशात, त्याच तऱ्हेच्या लोकांच्या हातात उडत होती, पण हवेत मोडण्याचं प्रमाण व्ही-शेपटीत कित्येक पटींनी जास्त निघालं. कंपनी वर्षानुवर्षं वैमानिकांकडे बोट दाखवत राहिली, आणि त्याचा मला आजही राग येतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या वाहतूक खात्याने स्वतंत्र अभ्यास करवला तेव्हा कुठे मान्य झालं की या शेपटीची ताकद काही परिस्थितींत अपुरी पडते. १९८७ साली विमान प्रशासनाचा आदेश निघाला आणि सी-३५ पासून पुढच्या विमानांच्या शेपटीच्या मुळाशी धातूचे मजबुतीचे पट्टे बसवणं सक्तीचं झालं. तू पाहतोयस त्या विमानावर ते असणारच. ते बसवल्यापासून असे अपघात फार घटले.

म्हणून वहिनींना सांग, त्यांची भीती बिनबुडाची नाही, पण ते दुखणं बरंचसं बरं झालेलं आहे. जे बरं झालेलं नाही त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे.

बोनान्झाचा सगळ्यांत गाजलेला अपघात ३ फेब्रुवारी १९५९ चा. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन या तीन गायकांना घेऊन आयोवातल्या मेसन सिटीहून रात्री एकच्या सुमाराला एक बोनान्झा निघालं, फार्गोला जायला. वैमानिक रॉजर पीटरसन २१ वर्षांचा होता. सातशेवर तास उडलेला, त्यातले शंभरावर बोनान्झातच. म्हणजे अगदी नवखा नाही. पण बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडण्याचं रेटिंग, म्हणजे परवाना, त्याच्याकडे नव्हता. त्या चाचणीत काही महिन्यांपूर्वी तो नापास झाला होता. बाहेर हलका बर्फ पडत होता, खाली बर्फाने झाकलेली, दिवे नसलेली शेतं, वर ढग. क्षितिज नावाची गोष्टच उरली नव्हती. त्यात या विमानातला जायरो, म्हणजे विमानाचा कल दाखवणारं उपकरण, तो शिकला होता त्याहून वेगळ्या जातीचा, नाक वर आहे की खाली हे उलट्या पद्धतीने दाखवणारा. हवामान बिघडत असल्याच्या सूचना निघाल्या होत्या, त्या त्याच्यापर्यंत नीट पोचल्या नाहीत. विमानतळापासून सहा मैलांच्या आत, उजवा पंख खाली झुकलेला असताना, इंजिन चालू असताना ते पूर्ण वेगाने शेतात आदळलं. चौघंही गेले.

नंदू, त्या विमानाची शेपटी जमिनीवर आदळेपर्यंत शाबूत होती. हवेत काहीही तुटलं नव्हतं. हा अहवाल पोस्टमॉर्टेमसारखा वाच. मृत्यूचं कारण जिथे लिहितात त्या ओळीत शेपटी येत नाही.

आता १९५४ चा एक प्रयोग सांगतो. माझ्या मते लहान विमानांच्या अपघातांबद्दल इतकं उपयोगी काम दुसरं क्वचितच झालं असेल. इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा काहीच अनुभव नसलेल्या २० वैमानिकांना संशोधकांनी उडवलं. शेजारी शिक्षक बसलेला, शिकाऊला बाहेरचं काही दिसू नये अशी व्यवस्था. विमान कोणतं? बोनान्झा सी-३५. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. एकोणीस जण घिरट्या घेत खाली जाणाऱ्या स्पायरलमध्ये गेले, एकाने नाक इतकं वर उचललं की पंखांची उचल संपून विमान स्टॉल झालं. सगळ्यांत लवकर ताबा सुटला तो २० सेकंदांत. सगळ्यांत जास्त टिकलेला आठ मिनिटं टिकला. सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत.

हे का होतं, ते तुला कानाच्या आतलं शरीरशास्त्र येत असल्यामुळे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. विमान हळूहळू एका बाजूला कलतं. अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव थोड्या वेळात वळणाशी जुळवून घेतो आणि मेंदू म्हणतो, आपण सरळ जातोय. विमान कललेलं असल्यामुळे उंची कमी होऊ लागते, वाऱ्याचा आवाज चढतो. चालकाला वाटतं की नाक नुसतं खाली गेलंय, म्हणून तो हातातलं सुकाणूचं व्हील मागे ओढतो. पण पंख कललेले असताना ओढलं की वळण आणखी आवळतं, वेग वाढतो, उंची आणखी झपाट्याने जाते, आणि तो आणखी जोरात ओढतो. एव्हाना वेगाचा काटा तांबड्या रेषेपलीकडे गेलेला असतो. या टप्प्यावर शेपटी कमजोर असेल तर विमान हवेत मोडतं. मजबूत असेल तर अखंड जमिनीवर येतं. आतल्या माणसासाठी त्यात फरक नाही.

तुझ्या हातातल्या सेस्ना १७२ मध्येही हे होऊ शकतं. पण तिचे पाय कायम बाहेर लोंबत असतात, पंखांना टेकू आहेत, त्यामुळे नाक खाली गेलं तरी वेग सावकाश चढतो आणि तुला विचार करायला वेळ मिळतो. बोनान्झाच्या अंगावर हवेला अडवणारं काही नाहीच. ज्या गुणासाठी तू ते घेतोयस, तोच गुण ढगात तुझ्या जिवावर उठतो. सरळ शेपटीनेही हे टळत नाही. आपल्याकडे जुन्या रेडिओ ऐकणाऱ्यांना ज्याचा आवाज अजून आठवतो तो जिम रीव्हज ३१ जुलै १९६४ ला नॅशव्हिलजवळ वादळी पावसात गेला. तो स्वतःच चालवत होता आणि विमान होतं डेबोनेअर, म्हणजे सरळ शेपटीचं बोनान्झाच.

इलिनॉयच्या प्रयोगाचा उत्तरार्ध लोक सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. त्याच वैमानिकांना त्यांनी एक साधी पद्धत शिकवली. ढगात शिरलात की व्हीलवरचे हात काढा. गिअर, म्हणजे चाकं, खाली सोडा म्हणजे अडथळा वाढून वेग आटोक्यात येईल, पॉवर कमी करा, हात न लावता नाक स्थिर राहील अशी ट्रिम लावा, आणि फक्त पायांनी, रडरने, हळूहळू मागे वळा. शिक्षणानंतरच्या ६० चाचण्यांत एकच फसली. मला यातून फार धीर येतो. तीच माणसं, तेच विमान, फक्त काय करायचं हे माहीत होतं.

डॉक्टरांचं नाव याला का चिकटलं, तर विमान महाग, आणि ज्यांना परवडायचं त्यांच्याकडे पैसा अनुभवाच्या आधी यायचा. पण मला त्यात आणखी काही दिसतं. तुम्हा लोकांना पेशंट मध्येच सोडून माघारी फिरायचं शिक्षण नसतं. हातात घेतलेलं तडीस न्यायचं हीच तुझी तीस वर्षांची सवय. रविवारी संध्याकाळी शिकागोत ढग उतरलेत, सोमवारी सकाळी ऑपरेशनांची यादी लागलीय, अशा वेळी ती सवय तुला निघ म्हणेल. तू राहणारा प्रदेश ईरी सरोवराच्या काठचा. हिवाळ्यात तिथे ढग किती खाली येतात आणि त्यात पंखांवर बर्फ कसा धरतो, हे तू रोज खिडकीतून बघतोस. या विमानाला बर्फ काढायची काही सोय नसेल, हेही धरून चाल.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांनीही माणसं मेलीत. या विमानाचा एकमेव दरवाजा उजवीकडे असतो आणि नीट लागला नसेल तर टेक-ऑफला धाडकन उघडतो. आवाज प्रचंड होतो, पण विमान व्यवस्थित उडतं. मेले ते दरवाजा ओढून घेण्याच्या नादात उडवणं विसरलेले. आधी शांतपणे चक्कर मारून उतर, मग दरवाजा. दुसरं म्हणजे जुन्या बोनान्झात गिअरचा आणि फ्लॅपचा (उतरताना पंखांमागे खाली येणाऱ्या पट्ट्यांचा) स्विच इतर विमानांच्या उलट जागी आहेत. उतरल्यावर फ्लॅप घ्यायला गेलेला हात गिअर उचलतो आणि विमान पोटावर बसतं. १९८० साली अपघात तपास मंडळाने यावर वेगळा अहवालच काढला, आणि पुढे कंपनीने जागा बदलल्या. तू सेस्नाच्या सवयीतून येतोयस, म्हणून रनवे सोडून विमान थांबेपर्यंत कुठल्याच स्विचला हात लावायचा नाही. पेट्रोलच्या टाक्या पंखांच्या पुढच्या भागात आहेत, त्यामुळे पेट्रोल जळत जाईल तसा तोल मागे सरकतो. निघताना मर्यादेत असलेलं विमान मागे दोन माणसं आणि बॅगा असतील तर उतरताना मर्यादेबाहेर गेलेलं असू शकतं. वजनाचा हिशोब उतरण्याच्या वेळचाही कर. जुन्या मॉडेलांत इंजिनाने न वापरलेलं पेट्रोल डाव्या टाकीत परत येतं, म्हणून आधी डावी टाकी वापरायची असते. तुझ्या मॉडेलमध्ये काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघ.

आणि तो नवा कोरा रंग. फोटो पाहताना माझी नजर तिथेच अडकली. रडरव्हेटरचा पत्रा मॅग्नेशियमचा असतो, तो गंजतो, आणि नव्या रंगाखाली गंज झाकता येतो. शिवाय रंगाच्या थराने पात्याचं वजन आणि तोल बदलतो. तोल बिघडलेलं पातं वेगात थरथरू लागतं, आणि ती थरथर वाढत गेली तर शेपटी काही क्षणांत जाते. मजबुतीचे पट्टे असले तरी. म्हणून रंग दिल्यानंतर दोन्ही रडरव्हेटर काढून तोलले का, किती भरले, कोणी सही केली, हे लॉगबुकात दिसलंच पाहिजे. 'सगळं ठीक आहे' असं विकणाऱ्याने तोंडी सांगितलेलं धरू नकोस. पंख जोडणाऱ्या मधल्या स्पारला चिरा जातात, त्याच्या तपासणीची नोंदही बघ. हँगरमध्ये आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, यातली एकही नोंद नसेल तर किंमत कितीही कमी केली तरी ते विमान घेऊ नकोस.

नोंदी पक्क्या असतील तर घे. मी आडवा येणार नाही, वहिनींशीही मी बोलेन. पण क्रम माझ्या म्हणण्याप्रमाणे ठेव. आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, तेही याच जातीच्या विमानावर, बोनान्झा शिकवण्यात मुरलेल्या शिक्षकाकडे. नियमाप्रमाणे किमान ४० तास लागतात, तू त्याहून जास्त घे. ते हातात येईपर्यंत रात्री आणि ढगाच्या आसपास जायचं नाही, आणि लेकीला भेटून परतताना सोमवारची पहिली ऑपरेशनं दुसऱ्याकडे द्यायची सोय आधीच करून ठेवायची, म्हणजे मुक्काम वाढवणं सोपं जाईल.

लॉगबुकातली रंगकामाची आणि त्यानंतरची सगळी पानं स्कॅन करून पाठव, शेपटीच्या मुळाचे दोन्ही बाजूंचे जवळून काढलेले फोटोही. बयाणा द्यायच्या आधी. मी शनिवारी मोकळा आहे, तुझ्या सकाळी फोन कर, पान न् पान बघू.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
अरुण