काकू, पत्रपेटीवरच्या त्या पट्टीसाठी

काकू,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे लिहून काढतेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे मध्येच थांबवता येणार नाही. रागावू नका. तुमचं नाव कुठे घेतलेलं नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

मी नाशिकहून बर्लिनला आले नोव्हेंबर २०२४ मध्ये, चान्सेनकार्टवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जर्मनीने जून २०२४ पासून हा व्हिसा सुरू केला, हातात नोकरी नसतानाही इथे येऊन वर्षभर नोकरी शोधता येते, पण बाकीच्या अटींबरोबर वर्षाच्या खर्चाची सोयही दाखवावी लागते, ती मी पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते अशा खात्यात, भरून दाखवली. माझ्या वेळी महिन्याला १,०२७ युरो धरून १२,३२४ युरो. त्यात माझी नऊ वर्षांची टेस्टिंगच्या नोकरीतली बचत होती आणि आईने मोडलेली एक एफडी होती. हे आकडे एवढ्यासाठी सांगतेय की त्या हिवाळ्यात मी प्रत्येक गोष्ट या आकड्यातून वजा करत होते. कॉफी, मोजे, सगळं. जानेवारीत बस-ट्रेनचं महिन्याचं ४९ युरोचं तिकीट ५८ झालं तेव्हा त्या नऊ युरोंनी माझी एक रात्र झोप उडवली होती.

येण्याआधी "ये गं बिनधास्त, मी आहे ना" म्हणणारा एक कॉलेजचा सीनियर होता. रूमचं बघू नकोस म्हणाला, मी बघतो म्हणाला. मी एअरपोर्टवरून मेसेज केला, निळ्या टिक्स आल्या, उत्तर आलं चार दिवसांनी, "या आठवड्यात जरा बिझी आहे." त्यानंतरचे सगळे आठवडे तो बिझीच होता. बिझी असण्याचा राग नाही काकू, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणावं, माणूस दुसरी सोय करतो. आणि पुण्यातला तो कन्सल्टंट, ज्याने फी घेताना "बर्लिनला इंग्लिशवर चालतं, तीन महिन्यांत जॉब" सांगितलं होतं, त्याला मी डिसेंबरात फोन केला तर म्हणाला, मार्केट डाऊन आहे मॅडम. इथे आल्यावर मी पहिला जर्मन शब्द पक्का शिकले तो 'लायडर', म्हणजे दुर्दैवाने. नकाराच्या प्रत्येक मेलमध्ये तो असतो. पुढे पुढे मी मेल वाचायचेच नाही, आधी तो शब्द आहे का एवढं शोधायचे आणि असला की बंद करायचे.

रूम मिळाली बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात, ६२० युरो, रोख. ज्याची होती त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, इथे पत्ता रजिस्टर करायचा नाही, बेलवर नाव लावायचं नाही, कोणी विचारलं तर पाहुणी आहे म्हणायचं. मी मान डोलावली कारण दुसरं काही हातात नव्हतं. भारतात असताना याचा अर्थ मला कळलाच नसता. आपल्याकडे फ्लॅट नंबर असतो, नाहीतर "मारुती मंदिराच्या मागे" लिहिलं तरी पोस्टमन शोधत येतो. इथल्या बिल्डिंगमध्ये बहुतेक ठिकाणी फ्लॅटला नंबरच नाही. पोस्टमन पत्रपेटीवरचं नाव वाचतो आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि या देशात सगळं पत्रानेच येतं, बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, टॅक्स नंबर, इन्शुरन्सचं कार्ड. माझं बँक कार्ड दोनदा परत गेलं. आठवड्याला वीस तासांचं पार्टटाइम काम मला चालत होतं, एका बेकरीत मिळतही होतं, पण ते म्हणाले टॅक्स नंबर घेऊन या, आणि टॅक्स नंबर पत्ता रजिस्टर केल्यावरच पोस्टाने येतो. तोवर ते काम दुसऱ्या कोणाला गेलं.

सात आठवडे मी या शहरात होते आणि कुठेच माझं नाव लिहिलेलं नव्हतं. जिना चढताना कोणी भेटलं की मी फोन कानाला लावायचे, म्हणजे बोलावं लागू नये.

मग ती लायब्ररी. हालेशेस टोरची अमेरिका गेडेंक बिब्लिओटेक, १९५४ ची, अमेरिकेच्या देणगीतून बांधलेली. तिथे हीटर असतो, वायफाय असतं, आणि दिवसभर बसलं तरी कोणी ऊठ म्हणत नाही. मी रोज जायचे. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडायला लागतो, त्या अंधारात दाराशी उभी राहून आईशी बोलत होते, हो गं मस्त चाललंय, रूम छान आहे, इंटरव्ह्यू चालू आहेत. तुम्ही पुस्तकं परत करून बाहेर पडत होतात. मी फोन ठेवला आणि तुम्ही मराठीतच म्हणालात, "आईला खोटं सांगताना आवाज चढतो, माझाही चढायचा." बस, एवढंच. मी तिथेच रडायला लागले, आणि तुम्ही कोण कुठली काही न विचारता पिशवीतून टिश्यू काढून दिलात आणि यू-६ मेट्रोमध्ये बसवून शेवटच्या स्टेशनपर्यंत, आल्ट-मारियनडॉर्फला, तुमच्या घरी घेऊन गेलात. रॉगनच्या, म्हणजे राय नावाच्या धान्याच्या, पिठात बेसन आणि कांदा घातलेलं थालीपीठ. त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं की ते असंही होतं.

रूम द्यायचं तुम्ही कधी ठरवलंत मला आजही माहीत नाही. घरमालकाला पत्र, त्याची परवानगी, रजिस्ट्रेशनसाठी लागणारा तो सहीचा कागद, हे सगळं तुम्ही केलंत आणि त्याचे उपकार आहेतच. पण मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

मी बॅगा घेऊन आले तो ३० डिसेंबर होता. आदल्या रात्री तुमचा फोन आला होता, "आडनाव पासपोर्टवर कसं आहे, एकेक अक्षर सांग." मला वाटलं कुठल्या फॉर्मसाठी असेल. दुसऱ्या दिवशी खाली बर्फाचा चिखल झाला होता, मी दोन्ही बॅगा ओढत दारातून आत आले आणि पत्रपेट्यांसमोर थांबले. तुमच्या पेटीवर तुमच्या आडनावाखाली माझं आडनाव होतं. पांढऱ्या कागदाची कात्रीने कापलेली पट्टी, काळ्या पेनाने मोठी कॅपिटल अक्षरं, माझं आडनाव लांबलचक आहे म्हणून शेवटची दोन अक्षरं जरा दाटीवाटीने बसवलेली, वरून सेलोटेप. तुम्ही स्वतःची जुनी पट्टी काढून दोन्ही नावं एकाच मापाची, एकाच पेनाने पुन्हा लिहिली होतीत. आणि कोपऱ्यात पेन्सिलने इतकं बारीक 'श्री' काढलेलं की मुद्दाम बघितल्याशिवाय दिसणार नाही.

मी अजून घरात पाऊलही टाकलं नव्हतं. भाडं किती तेही ठरलं नव्हतं. आणि माझं नाव लागलं होतं.

तुम्ही १९८८ मध्ये इथे आलात तेव्हा बर्लिनची भिंत उभी होती हे तुम्ही सांगता, पण हे नाही सांगत की पहिल्या सहा महिन्यांत पेटीवर फक्त काकांचं नाव होतं, तेही त्यांच्या कागदपत्रांतल्या वेगळ्या स्पेलिंगचं, आणि तुमच्या आईची सोलापूरहून आलेली दोन निळी एअरोग्राम परत गेली होती. ते मला फेब्रुवारीत कळलं, भाजी निवडताना, तेही अर्धंच. मी पुढे विचारलं नाही.

पट्टी लागल्यानंतर काय झालं ते लोकांनाही सांगते. तिसऱ्या आठवड्यात टॅक्स नंबरचं पत्र आलं, अकरा आकडी, आणि मी ते पाकीट न फोडता आधी पाच मिनिटं हातात धरून बसले. बँकेचं कार्ड आलं. आईने पाठवलेलं स्वेटरचं पार्सल मी नसताना तळमजल्यावरच्या आजोबांनी घेऊन ठेवलं आणि संध्याकाळी आणून देताना माझं आडनाव पेटीवर वाचून, अडखळत, पण पूर्ण घेतलं. फ्राउ अमुक, म्हणजे अमुक बाई. सात आठवडे मी जिन्यात फोन कानाला लावून चढत होते आणि इथे एक ऐंशीचे आजोबा माझ्या आडनावातला 'क्ष' म्हणायचा प्रयत्न करत होते. तुमच्यासारखी माणसं तुमच्याभोवतीच जमतात की काय कोण जाणे. भला माणूस ओळखायची माझी खूण आता एकच झालीये, तो समोरच्याला आधी खालमानेने उभं राहायला लावत नाही. मदत मागायची वेळच येऊ देत नाही. सीनियरने मला घर द्यायला हवं होतं असं माझं म्हणणं कधीच नव्हतं, त्याने एकदा फोन उचलला असता तरी पुरलं असतं.

नोकरीबद्दल फार लिहित नाही, १४३ अर्ज, त्यातले सहा इंटरव्ह्यू, आणि एक हो. पण तो करार पोस्टाने आला, दोन प्रतींमध्ये, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. मी जर्मनच्या क्लासला गेले होते. परत आले तर पाकीट टेबलावर, न फोडलेलं, वर हळदीकुंकवाचं बोट, आणि शेजारी श्रीखंडासाठी फडक्यात बांधून टांगलेलं क्वार्क, इथलं घट्ट दह्यासारखं असतं ते. तुम्ही म्हणालात, "जाड आहे पाकीट, नकार एवढा जाड नसतो."

आता स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलेय त्याला दोन महिने झाले. पेटीवर नाव मीच लिहिलं, तीन वेळा लिहिलं, तुमच्या हातासारखं नाही आलं. परवा तुमच्याकडे आले तेव्हा पाहिलं, ती जुनी पट्टी अजून तशीच आहे, सेलोटेप एका बाजूने पिवळी पडलीये. नवीन कोणी मुलगी राहायला येणार आहे म्हणालात, तिचं नाव लावताना ती काढावी लागेलच. काढा, पण फेकू नका काकू. मी रविवारी येते तेव्हा मला द्या.