तळहाताखाली झाकलेल्या दोन ओळी

आदरणीय चाचा,

अंबाजोगाईच्या बाजारपेठेतील आपल्या फ्रेमच्या दुकानात मी आपले आभार मानण्याचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा आपण चहा मागवून विषय बदललात. म्हणून हे जाहीर पत्र. आपले नाव मी लिहीत नाही, कारण ते आपल्याला आवडणार नाही.

मी भूगोल शिकवते, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बालाघाटच्या डोंगरकडांवर हिंडते आणि काढलेल्या छायाचित्रांखाली चार-दोन ओळी लिहिते. या छंदाला आमच्याकडे अजून धड नाव नाही, आणि ज्याला नाव नसते त्याला दारही नसते, हे मी गेल्या काही वर्षांत पुरेपूर अनुभवले. छायाचित्रांच्या एका प्रदर्शनाच्या संयोजकांनी मला, फोटो उत्तम आहेत, तेवढ्या कविता काढून टाका, असे सुचवले. एका साहित्यिक मंडळाने कविता वाचायला बोलावले, पण पडद्यावर छायाचित्र दाखवू का, असे विचारताच, कवितेला कुबड्या कशाला, असा प्रतिप्रश्न केला. शहरातल्या एका छपाईवाल्याने तर न विचारताच माझ्या उन्हाळ्याचे रंग 'उचलून' दिले. एप्रिलमध्ये धुरळ्याने आमचे आभाळ पांढुरके होते. ते त्याने निळेशार केले आणि माळावरच्या करड्या कुसळांना कोकणातल्या गवताची हिरवळ चढवली. त्या छपाईचे पैसे मी दिले, हा माझा भित्रेपणा.

वास्तविक चित्र आणि शब्द शेजारी ठेवण्यात आपल्या गावाला तरी काही नवल वाटू नये. संतकवी दासोपंतांनी आपली पासोडी इथेच लिहिली, आणि त्या लांबलचक कापडावर ओव्या व आकृत्या एकत्र नांदतात. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या माणसाला जे खटकले नाही, ते आजच्या संयोजकांना का खटकावे, हे मला उमगलेले नाही.

अशा मनःस्थितीत मी आपल्याकडे एकोणीस छायाचित्रे घेऊन आले. कोणती लाकडी पट्टी, कसली काच, चित्राभोवतीच्या जाड कागदाची चौकट, म्हणजे माउंट, किती रुंद, या साऱ्या तपशिलात मी इथे शिरत नाही. मला सांगायचे आहे ते त्या होडीच्या चित्राबद्दल.

ते चित्र २०१६ च्या उन्हाळ्यातले, धनेगावच्या मांजरा धरणाच्या कोरड्या पात्रातले. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. धरणाच्या तळाचा काळा गाळ वाळला की आक्रसतो आणि हात जाईल इतक्या रुंद भेगा पडतात. अशा भेगांच्या मधोमध एक होडी कलून पडली होती. मी ती खाली बसून, सकाळचे तिरपे ऊन भेगांच्या कडांवर असताना टिपली होती. खाली चार ओळी होत्या:

दोर अजून खुंटीला बांधलेला आहे,
गाठही सैल झालेली नाही.
पाणी गेले, होडी जमिनीवर आली,
आणि भेगाळलेली भुई आभाळाकडे बघत राहिली.

आपण चष्मा कपाळावर सरकवून चित्र पाहिलेत, ओळी सावकाश वाचल्यात आणि मग काही न बोलता उजवा तळहात शेवटच्या दोन ओळींवर ठेवलात. "मॅडम, आता बघा," एवढेच म्हणालात. मी पाहिले. होडी, भेगा आणि गेलेले पाणी चित्रात होतेच. मी तेच पुन्हा शब्दांत सांगत बसले होते. खुंटी मात्र माझ्या चौकटीत आलीच नव्हती. ती डावीकडे, चित्राबाहेर राहिली होती, आणि पहिल्या दोन ओळी वाचताच डोळा तिला शोधत चौकटीच्या कडेपर्यंत जात होता. इतकी वर्षे जे मला कोणत्याही कार्यशाळेत कळले नाही, ते आपल्या डिंकाने माखलेल्या तळहाताने पाच सेकंदांत कळवले.

मग आपण जे म्हणालात, ते मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवले आहे. "शेरात दोन्ही मिसरे एकच बात बोलायला लागले की शेर मरतो. पण दोघांत रब्त पाहिजे, नाही तर ते दोन परके लोक." मिसरा म्हणजे शेराची एक ओळ आणि रब्त म्हणजे दोन ओळींना जोडणारा धागा. तरुणपणी मुशायऱ्यांसाठी आपण थेट औरंगाबादपर्यंत एस.टी.ने जात असत, हे मला तेव्हा समजले. सिराज औरंगाबादींसारख्या उर्दू शायराच्या मुलखात वाढलेल्या माणसाचा कान चित्राकडेही मिसऱ्यासारखा पाहू शकतो, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही, परंतु त्या दिवशी मी थक्क झाले होते.

त्याहूनही माझ्या मनात घर करून राहिली आहे ती आपली रीत. आपण ओळी वाईट आहेत असे म्हणाला नाहीत. त्या खोडल्या नाहीत. तळहात उचलला की त्या पुन्हा तिथेच होत्या, निर्णय माझा होता. मी होकार दिल्यावर आपण पट्टी लावून तेवढाच कागद कापलात आणि ती कापलेली चिंधी कचऱ्यात न टाकता एका पाकिटात घालून माझ्या हाती दिलीत. "मेहनत आहे, फेकू नका." ज्यांच्या नावामागे पदव्या आणि पदे होती, त्यांनी माझ्या कामाला हात न लावताच त्याचे दोन तुकडे केले. आपण प्रत्यक्ष कात्री चालवलीत आणि तरी काही तुटले नाही. सभ्यता म्हणजे गोड बोलणे, अशी माझी समजूत होती. समोरच्याच्या श्रमाला किती हलक्या हाताने धरायचे, याची जाण असणे म्हणजे सभ्यता, असे मी आता समजते, आणि अशी माणसे आपल्या तालुक्याच्या गावांत छोट्या दुकानांमागे बसलेली असतात, हेही.

त्या रात्री मी घरी सगळी चित्रे जमिनीवर मांडून स्वतःचाच हात ओळींवर ठेवत गेले. अकरा कवितांतून काही ना काही गळाले. हुरड्याच्या ज्वारीवरची कविता तर पूर्णच गेली, कारण ती कणसांचे वर्णन करण्यापलीकडे काही करत नव्हती. मुकुंदराजांच्या दरीतल्या श्रावणी धुक्याच्या चित्राखाली एकच ओळ उरली, आणि तिच्याभोवती मोकळी जागा हवी म्हणून आपण खालचा माउंट दुप्पट रुंद केलात. त्याचे जास्तीचे पैसे आपण बिलात धरले नाहीत, ते माझ्या लक्षात आले आहे.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात चित्रे तीन दिवस लागली होती. दुसऱ्या दिवशी केज भागातले एक वयस्क शेतकरी होडीसमोर बराच वेळ उभे राहिले, ओठ हलवत दोन्ही ओळी वाचल्या, चौकटीच्या डाव्या कडेला वाकून पाहिले आणि मला विचारले, "खुटी कुठंय मग?" आपण त्या दिवशी दुकान बंद करून येऊ शकला नाहीत, म्हणून हे इथे मुद्दाम कळवते आहे.

ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात जपून ठेवले आहे. पुढच्या आठवड्यात नाथसागराच्या काठावरचे एक चित्र घेऊन येते. त्याखाली पाच ओळी आहेत. आपला तळहात त्यांतल्या कोणत्या ओळीवर पडेल, याचा अंदाज मी घरी बांधून ठेवला आहे, पण तो आधी सांगणार नाही.

आपली कृतज्ञ,
भूगोलाच्या मॅडम