स्टोव्ह बसवताना भिंतीचा आधार कापलात, आता ते नीट करून द्या

नमस्कार कस्टमर केअर टीम,

फोनवर बोलून काही होत नाहीये, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगा, म्हणून आता लेखी देतोय. कृपया हे पत्र टेक्निकल माणसाकडे द्या, नुसती तक्रार नोंदवली असा मेसेज पाठवू नका.

आमच्या जुन्या फायरप्लेसच्या जागी तुमच्याकडून लाकडावरचा स्टोव्ह घेतला आणि बसवायचं काम पण तुम्हालाच दिलं, कारण जुनी भिंत आहे, फोडाफोड करायची आहे, तर ज्याचा स्टोव्ह त्यानेच जबाबदारी घेतलेली बरी असं आम्हाला वाटलं. तुमचे सर्व्हेवाले आले, बाहेरून दिसणाऱ्या उघड्या जागेला टेप लावला, रुंदी ६०० मिमी भरली, स्टोव्ह ५४० मिमीचा, म्हणाले आरामात बसतो. मॅन्युअलमध्ये बाजूला किती मोकळी जागा सोडायची ते लिहिलंय, ते त्यांनी पाहिलं की नाही मला माहीत नाही, पण तुमच्याच मॅन्युअलमध्ये दोन्ही बाजूंना १५० मिमी आणि वर ३०० मिमी असं स्पष्ट आहे. म्हणजे ५४० च्या स्टोव्हला ८४० रुंदी लागते. ही बेरीज सर्व्हेलाच व्हायला हवी होती.

तरी नशीब चांगलं होतं. कामगारांनी आतली भट्टीच्या मातीची पाठ काढली, तिच्या मागे भरलेला राडारोडा उपसला, तर आत मूळ कोनाडा चांगला ९०० मिमी रुंद निघाला. जुन्या घरांत बऱ्याचदा असं असतं, मोठा कोनाडा नंतर लहान केलेला असतो. रुंदीचा प्रश्न तिथेच सुटला होता. पण मग दोन्ही बाजूंना फिनिशिंग छान दिसावं म्हणून तुमच्या लोकांनी लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांच्यावर जिप्सम बोर्ड लावला, त्यामुळे आतली रुंदी पुन्हा ७८० झाली, म्हणजे प्रत्येक बाजूला १२०. आणि जागा कमी पडली हा त्यातला छोटा भाग झाला, खरा प्रश्न हा की पेटत्या स्टोव्हच्या शेजारी भिंतीच्या आत लाकूड ठेवलंय! जिप्समच्या बोर्डला वरून कागद असतो आणि आतल्या जिप्सममध्ये पाणी धरलेलं असतं, सतत उष्णता लागली की ते पाणी निघून जातं आणि बोर्ड भुसभुशीत होतो. त्याच्या मागचं लाकूड रोज तापून तापून कोरडं होत जातं आणि बाहेरून कोणाला काही दिसत नाही. तिथे कॅल्शियम सिलिकेटचा किंवा व्हर्मिक्युलाइटचा न जळणारा बोर्ड लागतो, किंवा सरळ वीट उघडी ठेवायची, आम्हाला ती चालली असती, हे आम्ही आधीच सांगितलं होतं.

आता लिंटेलबद्दल, म्हणजे उघड्या जागेच्या वरची वीट पेलणारा जो आडवा आधार असतो त्याबद्दल, आणि ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. स्टोव्हची उंची ६२०, वर ३०० सोडायचे म्हणजे ९२० हवेत, आणि जुन्या लिंटेलची खालची कड ७६० वर होती. तर ते लिंटेल काढून वर नवीन टाकायचं ठरलं, इथपर्यंत ठीक. पण लिंटेल काढायच्या आधी वरच्या विटकामाला टेकू द्यायचे असतात, एकही टेकू लावला नाही. मी विचारलं तर मिस्त्री म्हणाले कमान होऊन वीट आपोआप टिकते. काही वेळ टिकतेही, पण वरच्या मजल्याचं धुराडं त्याच भिंतीवर उभं आहे, त्याचं वजन कुठे जाणार याचा विचार कोणी करायचा? नंतर लोखंडी अँगल घातला, तो डाव्या बाजूला भिंतीत जेमतेम ५० मिमी बसलाय. दोन्हीकडे निदान १५० मिमी तरी टेकायला हवा. आता त्याच डाव्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांचा तडा वर गेलाय, विटांच्या सांध्यांमधून, आणि त्यात क्रेडिट कार्डाची कड आत जाते. तुमच्याकडून उत्तर आलं की प्लास्टर वाळताना अशी रेघ पडते. प्लास्टरची रेघ विटांच्या सांध्याप्रमाणे चालत नाही हो, फोटो परत पाठवतोय, कृपया नीट बघा.

धुराचं पण सांगतो. स्टोव्हचा पाइप धुराड्याचं खालचं तोंड बंद करणाऱ्या पत्र्यातून वर जुन्या धुराड्यात नुसता सोडून दिलाय, आत लायनर, म्हणजे धूर थेट वर नेणारा आतला पाइप, नाही. जुनं धुराडं उघड्या आगीसाठी बांधलेलं, खूप रुंद, त्यात स्टोव्हचा थोडा धूर थंड पडतो, ओढ कमी होते आणि भिंतीला डांबरासारखा थर बसतो. वर आतले जुने सांधे सुटलेले असतील तर धूर झिरपतो, आणि आमच्याकडे तेच झालं, वरच्या बेडरूममध्ये वास आला आणि तिथला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. त्या खोलीत मुलं झोपतात. त्या गॅसला ना रंग ना वास, अलार्म नसता तर काय झालं असतं हे मला लिहायलाही नको वाटतं. तेव्हापासून स्टोव्ह बंद आहे. तुमच्या हेल्पलाइनवर सांगितलं गेलं की लाकूड ओलं असेल, म्हणून लाकूड फोडून आतून मीटरने तपासलं, ओलावा २० टक्क्यांच्या खाली आहे. ओलं लाकूड धूर जास्त करतं हे खरंय, पण तो धूर वरच्या खोलीत शिरतो तो धुराड्याच्या दोषानेच.

स्टोव्ह स्वतः चांगला आहे, दार घट्ट बसतं, बनावट मजबूत आहे, म्हणूनच जास्त वाईट वाटतंय. मला तो परत करायचा नाहीये, मला तो सुरक्षित पेटवता यायला हवाय.

आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर पाठवा, त्याचा खर्च तुमचा, आणि तो बघेपर्यंत तड्यावर पुट्टी किंवा रंग लावायला कोणाला पाठवू नका, मी दार उघडणार नाही. तो सांगेल तसे टेकू देऊन लिंटेल पुन्हा बसवा. बोर्ड आणि लाकडी पट्ट्या पूर्ण काढा. धुराडं साफ करून आत १५० मिमीचा स्टीलचा लायनर घाला, तुमच्या मॅन्युअलमध्ये पाइपचा तोच व्यास आहे, आणि मग माझ्यासमोर स्मोक टेस्ट, म्हणजे धूर सोडून तो कुठून गळतो का ते बघायची चाचणी, करून तिचा रिपोर्ट लेखी द्या. लायनर कोटेशनमध्ये नव्हता असं कोणीतरी म्हणालं, तर सर्व्हे तुमचा होता, लागणारी गोष्ट सांगायचं काम पण तुमचंच होतं. फोडाफोडीनंतरचं प्लास्टर आणि रंगकाम तुमच्याकडून व्हावं.

सर्व्हेच्या कागदाची कॉपी, मॅन्युअलचं ते पान, टेप लावून काढलेले फोटो आणि अलार्म वाजतानाचा व्हिडिओ सोबत जोडलाय. इंजिनिअर कोणत्या तारखेला येणार ते याच ईमेलवर लिहून कळवा, फोन नको.

आपला,
एक ग्राहक