बांधकाम परवानग्या आणि कार्यारंभ आदेशांची यादी दर आठवड्याला मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरांच्या किमती, रखडलेले प्रकल्प, रस्त्यांच्या कामांचा दर्जा यांविषयी आपल्या दैनिकात नेहमी लिहिले जाते. बांधकामाच्या आधाराने जगणाऱ्या छोट्या पुरवठादारांचा एक प्रश्न मात्र सहसा चर्चेत येत नाही. खिडक्या-दारे, ग्रिल, वॉटरप्रूफिंग, पेव्हर ब्लॉक, वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, रंगकाम अशी कामे करणाऱ्या हजारो लघुउद्योजकांना नवे काम कुठे निघाले आहे हे वेळेवर कळतच नाही. कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा छोटा कारखाना आहे. आमच्यासारख्यांना काम मिळते ते ओळखीतून, सिमेंटच्या दुकानदाराने सांगितले म्हणून, किंवा रस्त्याने जाताना परांची दिसली म्हणून. परांची दिसते तेव्हा खिडक्यांचा दर बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाशी तरी ठरून गेलेला असतो.

वास्तविक कोणतीही अधिकृत इमारत जमिनीवर दिसण्याच्या कितीतरी आधी सरकारी दप्तरात दिसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली विकासाच्या परवानगीसाठी अर्ज होतो, कलम ४५ खाली परवानगी मिळते किंवा नाकारली जाते, पुढे जोते तपासणी (पायाचे काम जमिनीच्या वर आल्यावरची तपासणी) होते आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळते. सरकारी इमारतीच्या बाबतीत प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश, अशी साखळी असते. यांतील प्रत्येक टप्प्याला तारीख, जागा, क्षेत्रफळ आणि जबाबदार व्यक्ती जोडलेली असते, आणि पुरवठादाराला नेमकी हीच माहिती हवी असते.

मोठ्या प्रकल्पांची स्थिती त्या मानाने बरी आहे. बांधीव क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा अधिक असेल, तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या अर्जांचा प्रवास 'परिवेश' या संकेतस्थळावर पाहता येतो. मंजुरी मिळाल्यावर प्रकल्पधारकाला वृत्तपत्रात तशी जाहिरात द्यावी लागते. ती आपल्याच दैनिकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ खाली महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पांची माहिती तर याहून समृद्ध आहे. कलम ४ प्रमाणे विकासकाला प्रकल्पाचे वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि कंत्राटदार यांची नावे-पत्ते द्यावे लागतात, आणि कलम ११ प्रमाणे दर तिमाहीला प्रगती कळवावी लागते. वास्तुविशारदाच्या दाखल्यात खोदाई, जोते, स्लॅब, आतील भिंती व गिलावा, दारे-खिडक्या, बाहेरील प्लंबिंग, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, लिफ्ट व अग्निशमन अशा टप्प्यांची टक्केवारी मांडलेली असते. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पाच्या जाहिरातींवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक केले आहे. तो घर घेणाऱ्यासाठी आहे हे खरे, पण पुरवठादारालाही त्यातून थेट प्रकल्पाच्या नोंदीपर्यंत जाता येते.

ही टक्केवारी वाचता येणे हे धंद्याचे अर्धे काम आहे, आणि आमच्यापैकी फार थोडे जण ते करतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लिफ्टच्या खड्ड्याचे व शाफ्टचे माप स्लॅब पडण्याआधी ठरलेले असावे लागते, त्यामुळे लिफ्टवाल्याने परवानगीच्या सुमारासच वास्तुविशारदाला गाठायला हवे. अग्निशमन आणि विद्युत कामाचे पाइप स्लॅबमधून जातात, तेव्हा त्यांची वेळही लवकरची. आमच्या खिडक्यांची मापे भिंती उभ्या राहिल्यावर जागेवर घेतात, पण कोणते सेक्शन (चौकटीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या) वापरायचे, काच किती जाडीची, जाळीचा पल्ला हवा की नको, हे निर्णय पहिले दोन-तीन स्लॅब होईपर्यंत झालेले असतात. गिलावा सत्तर टक्के दाखवणाऱ्या इमारतीत खिडकीवाल्याने जाऊन उपयोग नसतो. रंगकामवाल्याने मात्र जायलाच हवे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम शेवटी येत असले, तरी तळघर असेल तर त्याच कंत्राटदाराचे पहिले काम जोत्याखालीच सुरू होते. एकाच इमारतीची एकच नोंद वेगवेगळ्या व्यावसायिकांना वेगवेगळ्या महिन्यात उपयोगी पडते, आणि म्हणून ती नोंद नियमित व तारखेनिशी मिळणे महत्त्वाचे आहे.

अडचण सुरू होते ती लहान इमारतींपाशी. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही, किंवा ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका नाहीत, त्याला महारेराच्या नोंदणीतून सूट आहे. सांगली, मिरज, इचलकरंजी, बार्शी, चाळीसगाव यांसारख्या गावांत होणारे बरेचसे बांधकाम याच मापाचे असते. सहा सदनिकांची अपार्टमेंट, खाली गाळे आणि वर दवाखाना, एखादे मंगल कार्यालय, वर्कशॉपची शेड, मालकाने स्वतःसाठी बांधलेला बंगला. छोट्या कारखान्याला झेपणारी आणि त्याच्या खेळत्या भांडवलात बसणारी कामे ती हीच. पन्नास मजली टॉवरच्या खिडक्या करण्याची ना आमची क्षमता आहे, ना तसा आमचा हट्ट आहे. या लहान कामांची अधिकृत नोंद एकाच ठिकाणी असते आणि ते ठिकाण म्हणजे महानगरपालिका किंवा नगरपरिषदेचा नगररचना विभाग. तिथे परवानगीची प्रक्रिया आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन झाली आहे, पण ती अर्जदार आणि त्याचा वास्तुविशारद यांच्यापुरती. अर्ज क्रमांक माहीत असेल तर स्थिती कळते. पण 'गेल्या आठवड्यात या शहरात कोणकोणत्या परवानग्या दिल्या' या साध्या प्रश्नाचे उत्तर सामान्य नागरिकाला सहज मिळत नाही. एका कार्यालयात मी अशी यादी मागितली, तेव्हा माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा असे सांगण्यात आले. अर्जाचे उत्तर आले तोवर यादीतील अर्ध्या इमारतींच्या खिडक्या बसलेल्या होत्या.

खरे तर असा अर्ज करायची वेळच येऊ नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन काय प्रसिद्ध करायचे याची यादी आहे. तिच्या तेराव्या बाबीत, त्या प्राधिकरणाने दिलेल्या सवलती, परवाने आणि प्राधिकारपत्रे कोणाला मिळाली याचा तपशील येतो. बांधकाम परवानगी हा परवानाच आहे. त्याच कलमाच्या पोटकलम (४) मध्ये अशी माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही म्हटले आहे. म्हणजे मराठीत, ठरावीक काळाने, कोणी न मागता ही यादी प्रसिद्ध व्हावी, हे वीस वर्षांपूर्वी संसदेनेच ठरवून ठेवले आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने प्रत्येक स्थानिक नियोजन प्राधिकरणाला अर्जांची नोंदवही ठेवावी लागते आणि ती सर्वांना पाहण्यास खुली असते. तिथल्या अनेक नगर परिषदा आलेल्या आणि निकाली निघालेल्या अर्जांची साप्ताहिक यादी काढतात. शेजाऱ्याला हरकत घेता यावी हा त्यामागचा मूळ हेतू. पण विटांच्या पुरवठादारापासून गवंड्यापर्यंत कोणालाही त्याच यादीवर कामे शोधता येतात.

सरकारी कामांकडे वळलो तर निविदेपर्यंतचा भाग आपल्याकडे चांगला उघड आहे. महाटेंडर्स या संकेतस्थळावर निविदा प्रसिद्ध होते, परिमाणपत्रकात, म्हणजे कामाच्या बाबी व त्यांची मापे देणाऱ्या तक्त्यात, दारे-खिडक्यांचे चौरस मीटर, फरशीचे क्षेत्र, पाइपचे मीटर हे सारे बाबवार असते. शाळेच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या इमारतीत आपल्या मालाची किती गरज आहे हे त्यावरून काम सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी काढता येते. पुढे तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांची नावे आणि त्यांच्या दरांचा तुलनात्मक तक्ताही दिसू शकतो. शेवटचा दुवा मात्र निसटतो. कार्यारंभ आदेश कोणाला, किती रकमेचा, कोणत्या तारखेला आणि किती महिन्यांच्या मुदतीचा दिला, ही नोंद बऱ्याच निविदांपुढे भरलेलीच नसते. काम अर्धे झालेले असते आणि संकेतस्थळावर ती निविदा अजून 'आर्थिक मूल्यमापन' याच पायरीवर उभी असते. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १५९ ने निविदेसोबत निवड झालेल्या देकाराचा (ठेकेदाराच्या दरप्रस्तावाचा) तपशीलही केंद्रीय खरेदी संकेतस्थळावर देणे सक्तीचे केले आहे. राज्यातील प्रत्येक कार्यालयाने, जिल्हा परिषदेने आणि नगरपरिषदेने तीच शिस्त पाळावी. मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात ठरावीक प्रमाणात जी छोटी कामे वाटली जातात, त्यांचीही यादी त्यात असावी. अंगणवाडीच्या खोलीलासुद्धा दार आणि खिडकी लागते.

कार्यारंभ आदेशाची नोंद पुरवठादाराला आणखी एका कारणाने हवी असते. आमच्या धंद्यात माल उधारीवर जातो. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम सांगतो, पण वसुली करताना मूळ काम खरोखर कोणाच्या नावावर आहे हेच माहीत नसेल, तर तो कायदा कोणाविरुद्ध लावायचा? मुख्य कंत्राटदार एक, प्रत्यक्ष काम करणारा दुसरा आणि ऑर्डर देणारा तिसराच, असे नेहमी घडते. ऑर्डर घेण्याआधी आदेशावरचे नाव तपासता आले, तर कितीतरी छोटे कारखाने बुडण्यापासून वाचतील.

अशा यादीला दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला खासगीपणाचा. घर बांधणाऱ्या माणसाचा मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक किंवा राहता पत्ता जाहीर करण्याची मुळीच गरज नाही. परवानगी क्रमांक व दिनांक, प्रभाग, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, वापर, मजले, मंजूर बांधीव क्षेत्र आणि परवानाधारक वास्तुविशारदाचे नाव एवढे पुरे आहे. पुरवठादाराने वास्तुविशारदाकडे जावे, मालकाच्या दारात उभे राहू नये. दुसरा आक्षेप विकासक खासगीत सांगतात: यादी उघड झाली की वर्गणी आणि खंडणी मागणाऱ्यांना आयती माहिती मिळेल. ही भीती खोटी नाही. परंतु अशा मंडळींना पाया खणला जात असल्याची बातमी आजही सर्वांत आधी लागते. लागत नाही ती सचोटीने दर देऊन काम मागणाऱ्यांना. माहिती दबलेली राहते तेव्हा तिचा फायदा कार्यालयात वट असणाऱ्यालाच होतो.

नगरविकास विभागाला माझी विनंती आहे की ऑनलाइन परवानगी देणाऱ्या सर्व नागरी संस्थांना दर सोमवारी मागील आठवड्याच्या परवानग्या, जोते तपासण्या आणि भोगवटा प्रमाणपत्रांची मराठी यादी, शोधता येईल अशा स्वरूपात, प्रसिद्ध करण्याचे आदेश द्यावेत. छापील कागद स्कॅन करून टाकलेली चित्रे नकोत. त्यांत नावाने किंवा प्रभागाने शोध घेता येत नाही. माहिती संगणकात आधीच भरलेली असल्याने यासाठी वेगळा कर्मचारीवर्ग लागणार नाही.

आणि आपल्याला एक विनंती. बाजार समितीतील हळद-बेदाण्याचे भाव आपण शेतकऱ्यांसाठी जसे नियमाने छापता, तशी जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा बांधकाम परवानग्या व कार्यारंभ आदेशांची चौकट द्यावी. सुरुवातीला महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद एवढ्यांचीच माहिती आली तरी चालेल. ती माहिती मिळवण्याचे अर्ज आणि जुळवणीचे काम करायला आमच्या औद्योगिक वसाहतीतील काही जण तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक
कुपवाड, जि. सांगली