एएफएम आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला एकच जागा बघू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या अमुक संस्थेत इतक्या कोटींचा नवा मायक्रोस्कोप आला अशी बातमी आपल्या पेपरात अधूनमधून येते, वाचून आनंदच होतो, पण हा मायक्रोस्कोप आधीच्या यंत्रांबरोबर मिळून काम करणार की एका खोलीत एकटाच बसणार हे कुणी विचारत नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या एमएस्सीच्या मुलांना एएफएमची (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, म्हणजे पृष्ठभाग टिपने चाचपणारं यंत्र) इमेज एकीकडून मिळते, एसईएमची (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) दुसरीकडून, दोन्ही एकाच सॅम्पलच्या असतात पण एकाच जागेच्या नसतात, आणि मग प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये त्या शेजारीशेजारी लावून खाली 'दोन्ही निकाल जुळतात' असं लिहिलं जातं. जागाच वेगळी तर जुळलं काय?

एएफएममध्ये भिंग नसतंच. एक बारीक सिलिकॉनची पट्टी असते, तिच्या टोकाला टिप, टिपच्या टोकाची त्रिज्या साधारण 10 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). ती पृष्ठभागावरून फिरते तशी पट्टी वरखाली होते आणि पट्टीच्या पाठीवर पाडलेला लेझर किती सरकला त्यावरून उंची कळते. टाकी लावलेल्या जात्यावर डोळे मिटून बोट फिरवलं की खाचा कळतात ना, तसंच. उंची नॅनोमीटरच्याही अंशापर्यंत कळते, पण रुंदीत गडबड होते, कारण 10 नॅनोमीटरचा कण या टिपने चाचपला तर टिपची स्वतःची जाडी त्यात मिसळते आणि कण जवळजवळ तिप्पट रुंद दिसतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं उलटं आहे, रुंदी चोख मिळते पण उंची एका फोटोवरून सरळ मोजता येत नाही, आणि नेहमीच्या यंत्राला व्हॅक्यूम लागतो म्हणून पाण्यातली जिवंत पेशी त्यात ठेवता येत नाही, एएफएममध्ये ठेवता येते. आपल्याच पुण्यातल्या एनआयव्ही या विषाणू संस्थेने 2020 साली कोरोनाच्या विषाणूचा टीईएमने (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने) काढलेला फोटो सगळ्यांना आठवत असेल, साधारण 75 नॅनोमीटरचा कण. त्यातून आकार कळला. असा कण दाबला तर किती दबतो हे मात्र एएफएमच सांगू शकतो.

तिसरी बाजू फ्लुरोसन्सची, म्हणजे रेणूंना चमकणारा रंग लावून ते बघण्याची. साध्या प्रकाशाला 200 नॅनोमीटरच्या आसपास मर्यादा येते, त्याहून जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, ती ओलांडणाऱ्या सुपर-रिझोल्यूशन पद्धतींना 2014 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. इथे रंग लावलेला रेणू नेमका कुठे आहे ते कळतं, पण ज्याला रंग लागलाच नाही तो दिसतच नाही. अमायलॉइडच्या (एकमेकांना चिकटलेल्या प्रथिनांच्या) धाग्यांवर एएफएम आणि स्टेड ही सुपर-रिझोल्यूशन पद्धत एकत्र लावून बघितलं तेव्हा असे न दिसणारे बरेच धागे सापडले. नुसत्या फ्लुरोसन्सवर विसंबलं असतं तर ते धागे नाहीतच असं आपण धरून चाललो असतो! मला यातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता हे सगळं करायला दरवेळी नवं कोट्यवधींचं जोडयंत्र लागतं असंही नाही. अक्षरं-आकडे कोरलेली फाइंडर ग्रिडची कव्हरस्लिप वापरली, किंवा दोन्ही यंत्रांना दिसतील असे सोन्याचे कण खुणेसाठी टाकले, तर तीच जागा दुसऱ्या खोलीतही सापडते. क्रम मात्र पाळायला हवा. एएफएम आधी आणि एसईएम नंतर, कारण इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने त्या जागेवर कार्बनचा थर बसतो आणि एसईएमसाठी सोन्याचं कोटिंग केलं की बारीक तपशील त्याखाली झाकला जातो. रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखण्याची पद्धत) करायचं तर लेझरची पॉवर कमी ठेवायची, नाहीतर पॉलिमरचं सॅम्पल जळतं. हे पुस्तकात वाचून येत नाही, रोज यंत्रावर बसणाऱ्या ऑपरेटरला माहीत असतं, आणि तोच कंत्राटावर असेल तर तो शिकून तयार होईपर्यंत त्याची मुदत संपते.

एनसीएल, आयसर, एनसीसीएस या संशोधन संस्था आणि पुणे विद्यापीठ, सगळं पाषाण-गणेशखिंडच्या टप्प्यात आहे. या संस्थांनी मिळून एक जोड-स्लॉट सुरू करावा, एकाच फॉर्मवर एएफएम आणि एसईएमचं बुकिंग, फॉर्ममध्ये खुणेच्या ग्रिडचा रकाना सक्तीचा, आणि दोन्हीकडचे ऑपरेटर कायमस्वरूपी नेमलेले. बाहेरच्या कॉलेजच्या मुलांसाठी त्यात थोडे तास राखून ठेवावेत, आणि 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला नुसतं यंत्र दाखवण्यापेक्षा एकाच जागेच्या दोन इमेज शेजारी लावून शाळेतल्या मुलांना दोन्हीत काय फरक दिसतो ते विचारावं. आपल्या बातमीदारांनीही पुढच्या वेळी किंमत विचारताना हे यंत्र कुठल्या दुसऱ्या यंत्राला जोडलंय आणि ते चालवायला कायमचं माणूस आहे का, एवढं जरूर विचारावं ही विनंती.

— एक फिजिक्स शिक्षक, कोथरूड, पुणे