तळपायाकडेही बघा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी माझा त्वचारोगाचा दवाखाना आहे. गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी आजोबा टाचेवरचा काळा डाग दाखवायला आले. कुरूप समजून दोन वर्षं बिब्बा लावला होता, कुणीतरी ब्लेडने तासूनही दिलं होतं. निघाला मेलानोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग. तोवर जांघेत गाठी आल्या होत्या. जाडी मिलिमीटरच्या आत असताना काढला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

'त्वचेचा कर्करोग गोऱ्यांना होतो' असं आपल्याकडे डॉक्टरही म्हणतात. आपल्यात तो कमी आहे, हे खरंच. पण आपला मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली उगवतो. ऊन न लागणाऱ्या जागी बघतो कोण? (धोतराच्या गाठीखाली कमरेला होणारा कर्करोग मुंबईत कर्करोग-संशोधक डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच नोंदवला होता!)

मागणं छोटं आहे : डर्मोस्कोप. हातात मावणारं, दहापट मोठं दाखवणारं भिंग. त्याचा दिवा कातडीवरची चकाकी घालवतो आणि आतला रंग दिसू लागतो. तळपायाची कातडी म्हणजे सरी-वरंबाच. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत उतरतो, मेलानोमाचा वरंब्यावर चढतो. साकळलेलं रक्तही कधी वरंब्यावर दिसतं, म्हणून शंका आली की तुकडा तपासावा लागतोच. पण 'सुरी लागली की पसरतो' या धास्तीने माणसं पळतात. नेमका कुठला डाग कापायचा हे आधी दाखवता आलं, की निम्मी समजूत तिथेच पटते.

याच्या पुढचं कॉन्फोकल यंत्र, म्हणजे कातडी बघायचा सूक्ष्मदर्शक, लेझरने, न कापता, जवळजवळ पेशीपर्यंत दाखवतं. चेहऱ्यावरच्या कर्करोगाला आणि उपचारानंतर तो गेला का हे बघायला उत्तमच. पण त्याची नजर पाव मिलिमीटरपलीकडे जात नाही, आणि तळपायाची कातडी जाड. तेव्हा मुंबईत अशा यंत्राची फीत कापण्याआधी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक डर्मोस्कोप, तो वापरायला शिकलेला एक डॉक्टर आणि शंकास्पद फोटो वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचाविभागाकडे पाठवायची सोय, एवढं करा.

मधुमेहींचे पाय आरोग्य केंद्रात तपासायचे असतातच. त्याच वेळी तळवा आणि नखंही बघावीत, एवढं एक परिपत्रक निघालं तर त्याला खर्चही नाही.

आपला,
तालुक्याचा एक त्वचारोगतज्ज्ञ