टर्बाइनच्या पात्याला ‘भारी’ धातू म्हणजे कोणता?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

वीजनिर्मितीचा संच बंद पडला की बातमीत ‘टर्बाइनमध्ये तांत्रिक बिघाड’ एवढेच छापून येते. मग चर्चेत कुणीतरी हमखास विचारतो, विमानाच्या इंजिनात घालतात तो भारी धातू इथे का घालत नाहीत? प्रश्न ऐकायला रास्त वाटतो, पण तो उलट्या बाजूने विचारलेला आहे. पात्यावर मारा कशाचा होतो, पाण्याचा, वाफेचा की पेटलेल्या वायूचा, हे आधी बघायचे. धातू त्यावरून ठरतो.

मुंबईला 1915 पासून वीज देणाऱ्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्राचेच घ्या. घाटमाथ्यावरून सुमारे 500 मीटर खाली आलेले पाणी नोझलमधून सेकंदाला जवळपास 100 मीटर वेगाने सुटते आणि चाकाच्या परिघावरच्या जोडवाट्यांवर आदळते. वाटीच्या मधल्या धारेवर झोत दुभंगतो आणि जवळजवळ उलटा वळून बाहेर पडतो. वाटीचा वेग झोताच्या निम्म्याहून किंचित कमी ठेवला की पाण्याचा बहुतेक सगळा जोर चाकात उतरतो. अशा वाट्यांना आज सर्रास वापरतात ते 13 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के निकेल असलेले ओतीव पोलाद. ते गंजत नाही आणि जागेवरच वेल्डिंगने डागडुजी करता येते. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये गारगोटी नगण्य, म्हणून आपल्याकडचा गाळ तसा मवाळ. हिमालयातल्या नाथपा झाकरीसारख्या प्रकल्पात गारगोटीची रेती हेच पोलाद इतके खाते की वर टंगस्टन कार्बाइडचा थर फवारावा लागतो.

वाफेच्या टर्बाइनचे दुखणे निराळे. 500 मेगावॉटच्या संचात वाफ सुमारे 170 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने आणि 537 अंश सेल्सिअसला शिरते, आणि पंचेचाळीसेक अंशांवर, जवळपास निर्वातात, कंडेन्सरमध्ये म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भांड्यात उतरते. वाटेत ती शेकडो पटींनी फुगते. म्हणून पहिल्या टप्प्यातली पाती बोटभर, तर शेवटची मीटरभर लांब. फिरणे मात्र सगळ्यांचे एकाच आसावर, मिनिटाला 3000 फेऱ्या. शेवटच्या ओळीत पात्याचे टोक सेकंदाला 550 मीटरच्या घरात धावते. वजन 10 किलो धरले तरी पात्याच्या मुळावर सव्वाशे टनांची ओढ बसते. म्हणूनच मूळ खाचाखाचांचे असते, आणि बारा-तेरा टक्के क्रोमियमचे पोलाद नेमक्या उष्णता-प्रक्रियेने तयार केलेले असते. पाते आणखी लांब हवे असेल तर टायटॅनियम, कारण त्याचे वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडेच जास्त आणि ओढही त्याच प्रमाणात कमी. विमानाच्या इंजिनातला तो ‘भारी’ धातू म्हणजे निकेलचा मिश्रधातू, आणि तो पोलादाहूनही जड. पंचेचाळीस अंशांच्या वाफेत त्याचा काय उपयोग?

इथे पाते मोडते ते उष्णतेने नव्हे, पाण्याने. शेवटच्या टप्प्यात वाफेचा दहा टक्क्यांच्या आसपास भाग थेंब झालेला असतो. थेंब वाफेपेक्षा सावकाश चालतात, म्हणून धावत्या पात्याच्या पुढच्या कडेवर ते पाठीच्या अंगाने आपटतात. संच उघडला की टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात ही कड करवतीसारखी खरबरीत झालेली दिसते. तेवढ्या पट्ट्यातच स्टेलाइट या कठीण कोबाल्ट मिश्रधातूची पट्टी ब्रेझिंगने (डाख देऊन) बसवतात किंवा कड विजेच्या इंडक्शनने तापवून कठीण करतात. अख्खे पाते कठीण केले तर ते ठिसूळ होते.

मुंबईच्या किनाऱ्यावर त्याहून वाईट शत्रू आहे तो मीठ. कंडेन्सर समुद्राच्या पाण्याने थंड होत असेल तर एखाद्या नळीला टाचणीएवढे भोक पडले तरी आतल्या निर्वातामुळे खारे पाणी आत ओढले जाते आणि बॉयलरच्या पाण्यात मिसळते. तिथून क्लोराइड वाफेसोबत निघून जिथे वाफ नुकतीच ओली होऊ लागते, बहुधा शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, तिथे साठते. आधी डोळ्यांना जेमतेम दिसणारा खड्डा, मग कंपांमुळे त्यातून सरकणारी चीर. या जोडीपुढे पोलादाची कागदावरची ताकद कामाला येत नाही. उपाय धातूत कमी, शिस्तीत जास्त: कंडेन्सरमधून परतणाऱ्या पाण्यातल्या क्षारांचा माग देणारी चाचणी, म्हणजे कॅटायन कंडक्टिव्हिटी, प्रति सेंटिमीटर 0.2 मायक्रोसीमेन्सच्या वर चढू लागली की गळकी नळी शोधून बुच मारायचे, ‘पुढच्या शटडाऊनला बघू’ म्हणायचे नाही. आणि पावसाळ्यात संच काही दिवस उभा राहणार असेल तर टर्बाइनमधून कोरडी हवा फिरवत ठेवायची. दमट हवेत उभ्या असलेल्या पात्यांवर हे खड्डे चालत्यापेक्षा लवकर पडतात.

कंपांचेही गणित असते. पात्याची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला 50 फेऱ्यांच्या पटींपासून दूर ठेवावी लागते. संचाचा वेग ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या, फ्रिक्वेन्सीशी बांधलेला असतो; ती फार घसरली की संच बाजूला काढतात त्यामागचे हे एक कारण. एक पाते तुटले तर कधी त्याच्या बरोबर समोरचे धडधाकट पातेही कापून टाकतात, तोल राखायला. बाहेरून बघणाऱ्याला ते वेडेपणाचे वाटेल.

निकेलच्या मिश्रधातूची खरी जागा उरणच्या वायू-विद्युत केंद्रात आणि आपल्या डोक्यावरून उतरणाऱ्या विमानांत. आधुनिक इंजिनात पहिल्या ओळीतल्या पात्यांवर येणारा वायू 1500 अंशांच्याही वर असतो, आणि हा मिश्रधातू त्याच्या आतच वितळतो. तरी पाते टिकते, कारण ते पोकळ असते, कॉम्प्रेसरची हवा आतून खेळते, बारीक भोकांतून बाहेर येऊन पृष्ठभागावर पांघरूण घालते, आणि वर झिर्कोनिया या उष्णतारोधक सिरॅमिकचा थर असतो. तापलेला धातू ओढीखाली हळूहळू लांबतो आणि ही वाढ स्फटिकांच्या सीमांवरून सुरू होते. म्हणून सीमाच नको, अख्खे पाते एका स्फटिकाचे ओततात. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू-प्रयोगशाळेने हे तंत्र बसवले असून 2021 मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी 60 पाती हिंदुस्तान एरोनॉटिक्सला (एचएएल) दिली. समुद्राचे मीठ इथेही पाठ सोडत नाही: इंधनातल्या गंधकाशी मिळून सोडियम सल्फेट होते, ते 900 अंशांच्या आसपास वितळून संरक्षक थर कुरतडते. किनाऱ्यावर हवेचे फिल्टर आणि कॉम्प्रेसरची धुलाई यांत कुचराई झाली की त्याची किंमत पात्यांना मोजावी लागते.

साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांची पाती तर मुळात धातूची नाहीतच: काचतंतू, राळ, आत बाल्सा लाकूड. तिथे पावसाचे थेंब पुढची कड खातात.

तेव्हा पुढच्या वेळी संच बंद पडल्याची बातमी देताना आपल्या प्रतिनिधीने केंद्रातल्या अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: पाते कोणत्या टप्प्यातले, चीर मुळाशी की कडेला, आणि आधीच्या काही महिन्यांत कंडेन्सर किती वेळा गळला.

आपला,
एक वाचक, चेंबूर, मुंबई